एक टिक, एक ओळ : अनेक पर्याय निवडू देणाऱ्या फॉर्मसाठी टेबलं कशी बांधावीत

शेतकरी नोंदणीचा साधा फॉर्म डोळ्यांपुढे आणा. वर नाव, गाव, मोबाइल. खाली पिकांची यादी : सोयाबीन, तूर, मूग, उडीद, भुईमूग, ज्वारी, हरभरा, गहू, कांदा. प्रत्येक पिकापुढे एक चौकोन. जी पिकं घेतो त्यांवर टिक करायची.

असा फॉर्म मी पहिल्यांदा एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी केला, तेव्हा टिक केलेली सगळी नावं स्वल्पविरामांनी जोडून ‘पिके’ नावाच्या एकाच कॉलममध्ये ठेवली. ‘सोयाबीन,तूर,भुईमूग’. फॉर्म चालला, सगळे खूश. जूनच्या आधी मुगाच्या बियाण्यासाठी यादी काढायची वेळ आली. ‘पिके’मध्ये कुठेही ‘मूग’ हा शब्द असेल तो शेतकरी दाखव, अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, लिहिली. यादीत भुईमूग लावणारे सगळेच आले, कारण ‘भुईमूग’ या शब्दाच्या पोटात ‘मूग’ आहेच. त्या आकड्यावर बियाण्याची मागणी गेली. पेरणीच्या तोंडावर चुकलेली यादी म्हणजे काय, हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पुढे जे लिहितोय ते ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून. उदाहरण पिकांचं असलं तरी विद्यार्थ्यांचे निवडलेले विषय, ग्राहकांच्या आवडी, रुग्णांची लक्षणं, कर्मचाऱ्यांची कौशल्यं या सगळ्यांची मांडणी अशीच असते. क्वेरी मी शब्दांत सांगणार आहे. वाक्यरचना मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींमध्ये थोडीफार बदलते, विचार बदलत नाही.

पायरी १ : आधी कागदावर वाक्यं लिहा

कॉम्प्युटर उघडण्यापूर्वी दोन वाक्यं लिहा. ‘एक शेतकरी अनेक पिकं घेतो.’ मग तेच उलटं : ‘एक पीक अनेक शेतकरी घेतात.’ दोन्ही खरी असतील तर नातं ‘अनेक-ते-अनेक’ आहे आणि दोन टेबलांत ते बसणार नाही, तिसरं लागेल. फक्त पहिलं वाक्य खरं असेल (एका शेतकऱ्याचे अनेक मोबाइल नंबर, पण नंबर एकाचाच), तर दोन टेबलं पुरतात. आणि ‘एक शेतकरी एकाच गावात नोंदवलेला’ असं असेल तर शेतकऱ्याच्या टेबलात गावाचा एक कॉलम पुरे. ही उलट बाजू तपासायची नवशिक्यांना सवय नसते. लावून घ्या.

पायरी २ : तीन मोहाच्या वाटा ओळखा

पहिली वाट स्वल्पविरामाची. मूग-भुईमुगाची गोष्ट वर आलीच. नावांऐवजी नंबर ठेवले तरी सुटका नाही : ‘१’ शोधला की ‘११’ आणि ‘२१’सुद्धा सापडतात. मायएसक्यूएलमध्ये फाइंड-इन-सेट नावाचं फंक्शन आहे, ते अचूक शोधतं. पण त्याला इंडेक्सचा (पुस्तकामागच्या सूचीसारखी, शोध झटपट करणारी यादी) उपयोग करता येत नाही, प्रत्येक ओळ उघडून पाहावी लागते. शिवाय या कॉलममध्ये कुणी ‘सोयाबिन’ असं ऱ्हस्व लिहिलं किंवा यादीत नसलेलं पीक घातलं, तर डेटाबेस अडवू शकत नाही. त्याच्या लेखी तो नुसता मजकूर असतो.

दुसरी वाट : पीक१, पीक२, पीक३ असे कॉलम. चौथं पीक घेणारा शेतकरी आला की अडलं. आणि मूग कुणाकडे आहे हे शोधायला तिन्ही कॉलम तपासावे लागतात.

तिसरी वाट : प्रत्येक पिकाला एक हो/नाही कॉलम. शोधणं सोपं वाटतं, म्हणून ही जास्त फसवी. यादीत जवस घालायचं ठरलं की टेबलाची रचना बदला, फॉर्म बदला, रिपोर्ट बदला. नवं पीक येणं हा रोजच्या कामाचा भाग आहे; त्यासाठी एक ओळ वाढली पाहिजे, कॉलम नव्हे.

मायएसक्यूएलचा ‘सेट’ हा प्रकारही याच घरातला. त्यात जास्तीत जास्त ६४ पर्याय बसतात आणि पर्यायांची यादी टेबलाच्या रचनेत कोरली जाते.

१९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं, तेव्हाच एका खान्यात एकच मूल्य असावं ही अट त्यात आली. पुढे तिला ‘फर्स्ट नॉर्मल फॉर्म’ म्हणू लागले. पहिल्या दोन वाटा ती अट मोडतात : एक उघडपणे, दुसरी तीच यादी आडवी पसरून.

पायरी ३ : तीन टेबलं

‘शेतकरी’ टेबलात शेतकरी_आयडी, नाव, गाव_आयडी, मोबाइल. ‘पीक’ टेबलात पीक_आयडी, नाव, प्रकार (तृणधान्य, कडधान्य, तेलबिया वगैरे). आणि दोघांना जोडणारं मॅपिंग टेबल ‘शेतकरी_पीक’, त्यात सुरुवातीला दोनच कॉलम : शेतकरी_आयडी आणि पीक_आयडी.

शेतकरी क्रमांक १०१ने सोयाबीन (१), तूर (२) आणि भुईमूग (५) वर टिक केली, तर या टेबलात तीन ओळी जातात :

१०१ | १
१०१ | २
१०१ | ५

एक टिक, एक ओळ. टिक काढली की ओळ गेली. मूग हवा तर पीक_आयडी ३ असलेल्या ओळी. भुईमुगाचा ५ त्यात येण्याचा प्रश्नच नाही.

हे परकं वाटत असेल तर सातबारा आठवा. गाव नमुना ७ मध्ये जमीन आणि तिचा धारक. पिकं तिथे कोंबलेली नसतात. ती गाव नमुना १२ मध्ये, वर्ष, हंगाम, पीक आणि क्षेत्र अशा ओळींत येतात. दरवर्षी बदलणारी, एकाहून अधिक असणारी गोष्ट वेगळ्या नोंदवहीत ठेवायची ही शिस्त तलाठ्याच्या दप्तरात कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

मराठी नावांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आयडी न वापरता पिकाचं किंवा गावाचं नावच मॅपिंग टेबलात ठेवायचा मोह होतो. ते टाळण्याचं आपल्याकडे एक जास्तीचं कारण आहे. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत साठवलेली अक्षरं वेगळी असतात, आणि डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. नाव एकदाच, पीक टेबलात. बाकी सगळीकडे आकडा. टेबलांचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ ठेवा.

पायरी ४ : चाव्या लावा

मॅपिंग टेबलाला वेगळा आयडी कॉलम देऊन थांबणं ही फार दिसणारी चूक. मग १०१ आणि ५ ही जोडी दोनदा, तिनदा जाऊ शकते. बटण दोनदा दाबलं गेलं, नेटवर्क अडखळलं, की डुप्लिकेट तयार. म्हणून शेतकरी_आयडी आणि पीक_आयडी मिळून प्रायमरी की (ओळीची दुसऱ्यांदा न येणारी ओळख) करा. वेगळा आयडी हवाच असेल तर ठेवा, पण या जोडीवर युनिक अट लावाच.

दोन्ही कॉलमांवर फॉरेन की (हा आयडी मूळ टेबलात असलाच पाहिजे, ही अट) लावा, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पिकाची ओळ आत येणार नाही. एसक्यूलाइट वापरत असाल तर फॉरेन कीची तपासणी तिथे मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शन उघडताना प्राग्मा ही सूचना देऊन ती सुरू करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये टेबल इनोडीबी या साठवणुकीच्या इंजिनवर आहे ना ते पाहा. मायआयसॅम हे दुसरं इंजिन फॉरेन कीकडे दुर्लक्ष करतं, एररही देत नाही.

आता प्रश्न पुसण्याचा. पीक टेबलातली ओळ पुसली तर निवडींचं काय? कॅस्केड (मूळ ओळीबरोबर तिला जोडलेल्या ओळीही पुसणं) लावलंत तर एका चुकीच्या डिलीटमध्ये शेकडो शेतकऱ्यांच्या नोंदी जातील. माझं मत स्पष्ट आहे : पीक टेबलाच्या बाजूने रिस्ट्रिक्ट (जोडलेल्या ओळी असतील तर पुसू न देणं) ठेवा, आणि पीक यादीतून काढायचं असेल तर पुसू नका, ‘चालू’ नावाचा कॉलम ठेवून त्यात ‘नाही’ करा. नव्या फॉर्मवर ते दिसणार नाही, जुनी नोंद शाबूत राहील. शेतकऱ्याच्या बाजूने कॅस्केड चालेल, पण जुन्या हंगामांचा हिशेब लागणार असेल तर तिथेही रिस्ट्रिक्टच.

पायरी ५ : निवडीची स्वतःची माहिती

इथे खरा कस लागतो. आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच : ‘सोयाबीन किती क्षेत्रावर?’ हे क्षेत्र कुठे ठेवायचं? ते शेतकऱ्याचं नाही, कारण त्याची पिकं अनेक. पिकाचंही नाही, कारण शेतकरी अनेक. ते त्या जोडीचं आहे, म्हणून मॅपिंग टेबलात. क्षेत्र आकड्यातच ठेवा. ‘अडीच एकर’, ‘१ हे. २० आर’ असा मजकूर नको. मी सगळं आरमध्ये ठेवतो, १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे वरची नोंद १२० होते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तेव्हा दोन दशांश स्थळांचा डेसिमल प्रकार घेतला की चौरस मीटरपर्यंत हिशेब नेमका बसतो. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) घेऊ नका, बेरजेत बारीक फरक शिरतात.

मग हंगाम येतो. ज्वारी खरिपातही घेतात आणि रब्बीतही. प्रायमरी की जर फक्त शेतकरी आणि पीक यांची असेल, तर रब्बी ज्वारीची ओळ डेटाबेस नाकारेल, कारण त्याच्या दृष्टीने ती जोडी आधीच आहे. हा डेटाबेसचा दोष नाही. आपण त्याला ‘एक शेतकरी एक पीक एकदाच घेतो’ असं सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. की बदला : शेतकरी, पीक, हंगाम, वर्ष. वर्ष लिहिताना हंगाम सुरू झाल्याचं वर्ष घ्या, कारण रब्बीची पेरणी एका वर्षात आणि काढणी पुढच्या वर्षात होते. ओळी अशा दिसतील (पीक ६ म्हणजे ज्वारी, शेवटचा आकडा आरमधलं क्षेत्र) :

१०१ | १ | खरीप | २०२४ | ८०
१०१ | ६ | खरीप | २०२४ | ४०
१०१ | ६ | रब्बी | २०२४ | ६०

पिकाचा प्रकार मात्र इथे आणू नका. मूग कडधान्य आहे आणि भुईमूग तेलबिया, हे कोणत्या शेतकऱ्यावर किंवा हंगामावर अवलंबून नाही; ते पिकावर अवलंबून आहे, म्हणून पीक टेबलातच राहील. कीच्या फक्त एका भागावर अवलंबून असलेली माहिती त्या भागाच्या टेबलात न्यायची, हाच ‘सेकंड नॉर्मल फॉर्म’. प्रत्येक कॉलमसाठी स्वतःला विचारा : हे नेमकं कशाबद्दल आहे?

आणखी एक सापळा. फॉर्मवर सिंचनाची साधनंही असतात : विहीर, बोअरवेल, शेततळं, कालवा. तीही अनेक निवडता येतात. याच मॅपिंग टेबलात ‘साधन’ कॉलम वाढवू नका. विहीर कोणत्या पिकासाठी, हे फॉर्म विचारतच नाही. मग तीन पिकं आणि दोन साधनं असलेल्या शेतकऱ्याच्या सहा ओळी कराव्या लागतात, आणि क्षेत्राची बेरीज दुप्पट येते. दोन स्वतंत्र निवडी, दोन स्वतंत्र मॅपिंग टेबलं. रोनाल्ड फॅगिन यांनी १९७७मध्ये मांडलेला ‘फोर्थ नॉर्मल फॉर्म’ याच दुखण्यावरचा आहे.

पायरी ६ : फॉर्म सेव्ह करताना

ब्राउझर फक्त टिक केलेले चौकोन पाठवतो. रिकामा चौकोन ‘नाही’ असं कळवत नाही, तो गप्प असतो. शेतकऱ्याने सगळ्या टिक काढल्या तर ते फील्ड सर्व्हरकडे येतच नाही. ‘फील्ड आलं तर अपडेट कर’ असा कोड असेल, तर सगळं काढणाऱ्या शेतकऱ्याची जुनी निवड तशीच राहते. न आलेल्या फील्डचा अर्थ ‘रिकामी निवड’ असा धरा. पीएचपी भाषेत चेकबॉक्सच्या नावापुढे चौकोनी कंस द्यायला विसरलात तर फक्त शेवटची टिक हाती येते, हेही ध्यानात असू द्या.

सेव्ह करायच्या दोन पद्धती. पहिली : त्या शेतकऱ्याच्या सगळ्या ओळी पुसून नव्या घालायच्या. टेबलात नुसत्या जोड्या असतील तर हे ठीक. पण क्षेत्रासारखी माहिती असेल तर पुसण्यात तीही जाते. म्हणून दुसरी, फरक काढण्याची. आधी १, ४, ७ होतं, आता ४, ७, ९ आलं : १ पुसा, ९ घाला, ४ आणि ७ला हात लावू नका. हंगाम असलेल्या टेबलात हा फरक त्या हंगामाच्या आणि वर्षाच्या ओळींपुरताच काढा, नाहीतर रब्बीचा फॉर्म भरताना खरिपाच्या नोंदी उडतील. कोणतीही पद्धत घ्या, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही) करा. पुसणं झालं आणि घालताना वीज गेली, असं व्हायला नको.

पायरी ७ : विचारायला शिका

‘मूग किंवा उडीद घेणारे’ : पीक यादीत असेल ती ओळ घ्या, पण दोन्ही घेणारा शेतकरी दोनदा येईल, म्हणून डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच) लावा किंवा एक्झिस्ट्स (अशी ओळ आहे का, एवढंच तपासणं) वापरा.

‘सोयाबीन आणि तूर दोन्ही घेणारे’ : यावर बहुतेक सगळे अडतात. पीक बरोबर सोयाबीन आणि पीक बरोबर तूर, अशी अट लिहिली की उत्तर शून्य ओळी. अट एका ओळीवर तपासली जाते, आणि एका ओळीत एकच पीक असतं. योग्य वाट अशी : सोयाबीन किंवा तूर असलेल्या ओळी घ्या, शेतकऱ्यानुसार ग्रुप करा, आणि ज्या गटात वेगवेगळ्या पिकांची संख्या २ आहे तेवढेच हॅविंग या गटांवरच्या अटीने ठेवा. ‘वेगवेगळ्या’ हा शब्द सोडू नका, काउंटमध्ये डिस्टिंक्ट हवंच. नाहीतर ‘ज्वारी आणि हरभरा’ शोधताना दोन्ही हंगामांत नुसती ज्वारी घेणाराही २ मोजला जाईल.

‘कांदा न घेणारे’ : पीक कांदा नाही अशा ओळी शोधू नका. कांद्याबरोबर गहू घेणारा शेतकरीही गव्हाच्या ओळीमुळे यादीत येईल. ज्याच्यासाठी कांद्याची ओळच अस्तित्वात नाही तो शेतकरी, म्हणजे नॉट एक्झिस्ट्स.

सगळ्या शेतकऱ्यांची यादी काढताना टेबलं लेफ्ट जॉइनने (जोडीची ओळ नसली तरी शेतकरी राखणारी जोडणी) जोडा, साध्या जॉइनमध्ये काहीच टिक न केलेले शेतकरी गायब होतात. आणि पडद्यावर ‘सोयाबीन, तूर, ज्वारी’ असं एका ओळीत दाखवायचं असेल तर ते वाचताना जोडा : मायएसक्यूएलमध्ये ग्रुप-कॉन्कॅट, पोस्टग्रेसमध्ये स्ट्रिंग-ॲग. ग्रुप-कॉन्कॅटची मूळ मर्यादा १०२४ बाइट आहे. यूटीएफ८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. म्हणजे साधारण ३४० चिन्हांतच यादी कापली जाते. मर्यादा वाढवून घ्या.

इंडेक्सचं थोडक्यात : प्रायमरी कीमध्ये शेतकरी आधी असेल, तर शेतकऱ्यावरून पिकं पटकन सापडतील, पण पिकावरून शेतकरी शोधताना ती की कामाची नाही, आडनावांच्या क्रमाने लावलेल्या यादीत पहिल्या नावावरून शोधण्यासारखं आहे ते. पीक_आयडीवर वेगळा इंडेक्स हवा. इनोडीबी तो फॉरेन कीसोबत आपोआप करतं, पोस्टग्रेस करत नाही.

पायरी ८ : ‘इतर’चा चौकोन

यादी कितीही मोठी करा, कुणीतरी खपली गहू, करडई, राजगिरा लिहिणारच, आणि लिहू द्यावं. या मजकुरासाठी ‘इतर_नोंद’ असं वेगळं टेबल करा : शेतकरी_आयडी, लिहिलेला मजकूर, तपासलं की नाही. हंगामातून एकदा माणसाने बसून तो वाचायचा. करडई नवीन असेल तर पीक टेबलात ओळ वाढवायची आणि त्या शेतकऱ्यांच्या निवडी मॅपिंग टेबलात घालायच्या. ‘चणा’ किंवा ‘जोंधळा’ लिहिलं असेल तर ती नवी पिकं नाहीत, हरभरा आणि ज्वारीच आहेत. त्यासाठी ‘पीक_पर्यायी_नाव’ असं छोटं टेबल ठेवलं की पुढच्या वेळी शोधतानाच जुळतं. शेतकऱ्याने त्याच्या बोलीत लिहिलेला शब्द आपल्याला चुकीचा म्हणता येत नाही. तो जुळवून घेणं आपलं काम.

जुना स्वल्पविरामांचा कॉलम असेल तर

मी हे केलं ते असं. आधी बॅकअप. मग जुना कॉलम स्वल्पविरामांवर तोडून, पुढची-मागची मोकळी जागा काढून, सगळे तुकडे एका तात्पुरत्या टेबलात. त्यातून वेगवेगळ्या शब्दांची यादी काढली : तूर, तुर, उडीद, उडिद, भुईमूग, भुइमूग. प्रत्येकासमोर योग्य पीक_आयडी हाताने लिहिला. हे काम पिकं ओळखणाऱ्या माणसाला सोबत घेऊन करा, आपोआप जुळवणीवर सोडू नका. मग मॅपिंग टेबल भरलं आणि ताळा केला : प्रत्येक शेतकऱ्याच्या जुन्या कॉलममधले स्वल्पविराम अधिक एक, आणि त्याच्या नव्या ओळी. जिथे फरक आला तिथे बहुतेक वेळा एकच पीक दोनदा लिहिलेलं किंवा शेवटी सुटा स्वल्पविराम होता. तसे शेतकरी एकेक करून पाहिले. जुना कॉलम एक पूर्ण हंगाम फक्त वाचण्यापुरता ठेवला. पुढच्या जूनमध्ये मुगाची यादी दोन्हीकडून काढून शेजारी ठेवली, नव्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून विचारलं, आणि मग तो कॉलम काढून टाकला.